गेराटींच्या गाडीची थरथर

बॅलिक्रोमा गावातला एकुलता एक गोल चौक फिंटन गेराटीने करून घेतला होता. त्याने हातात फावडं धरलं नव्हतं. पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत रस्ता सुरक्षा अधिकारी या नात्याने त्याने त्या चौकासाठी नकाशे काढले, हरकती ऐकल्या, दोन मेंढपाळांशी कायमचं वैर घेतलं आणि शेवटी मधोमध हिरवळ लावून तो पुरा केला. शाळाशाळांतून भाषणं देताना तो मुलांना हमखास सांगायचा, "चौकात एकदा शिरलात की मध्येच थांबायचं नाही. थांबणारा माणूस सगळ्या गावाला थांबवतो."

सोमवारी सकाळी त्याने सगळ्या गावाला थांबवलं.

त्याची जुनी, छोटी, निळी जपानी गाडी चौकात शिरली, दुधाच्या टँकरला वाट द्यायला थबकली, हुडहुडी भरल्यासारखी थरथरली आणि बंद पडली. मागे रांग लागली. हॉर्न कुणीच वाजवला नाही. बॅलिक्रोमात हॉर्न लग्नाच्या वरातीत वाजवतात, नाहीतर रस्त्यात आडव्या आलेल्या गाईसाठी. फिंटनसारख्या सभ्य माणसासाठी वाजवत नाहीत. त्याऐवजी सगळ्यांनी आपापली इंजिनं बंद केली, खाली उतरले आणि सल्ला द्यायला गोळा झाले. हॉर्न परवडला असता, असं फिंटनला वाटलं.

"पेट्रोलमध्ये पाणी आहे," मॅलकी टूही म्हणाला. मॅलकी म्हणजे फिंटनचा शेजारी. जन्मभर मेंढ्यांचा व्यापार केलेला आणि आता फक्त सल्ल्यांचा करणारा. "माझं ऐकशील तर टाकी रिकामी कर."

"इथे? चौकात?"

"चौक तुझाच आहे की."

गाडीचं हे दुखणं महिनाभराचं होतं. पळताना काही नाही, पण उभी राहिली की इंजिन अडखळायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली-वर व्हायचा, आरसे थरथरायचे आणि आरशातलं मागचं जग दुहेरी दिसायचं. एरवी फिंटनने हे दुखणं सोसलं असतं. तो सोसणाऱ्यांतलाच होता. पण शनिवारी त्याच्या बायकोला गॉलवे शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्ये, ऑर्गन वाजवायचा होता.

अट्रॅक्टा गेराटी गावच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवत आली होती. तो ऑर्गन दम्याचा होता, त्याच्या एका नळीत कबुतराने संसार थाटला होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक तो वाजत असताना घरी जायला छत्र्या शोधत असायचे. पण यंदा देशाच्या पश्चिमेकडच्या चर्चमधल्या वादकांमधून मोजकेच निवडून कॅथेड्रलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यात अट्रॅक्टाचं नाव आलं होतं. ती बातमी तिने भांडी विसळता विसळता सांगितली. फिंटनने ती कचेरीत, पोस्टात आणि खाटकाकडे सांगितली. आनंद तिला झाला होता, पण मिरवत तो होता.

तिची एकच काळजी होती. "वाटेत गाडी अडकली तर? दर गावाला एक चौरस्ता आहे, फिंटन."

"अडकणार नाही," फिंटन म्हणाला. हे आश्वासन त्याने कशाच्या बळावर दिलं ते त्याला माहीत नव्हतं. गावातला मेकॅनिक मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेला होता, आणि शेजारच्या गावातल्या मेकॅनिकने दाताच्या डॉक्टरसारखी पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती.

मंगळवारी गाडीची सरकारी तपासणी होती. ती या आठवड्यात पार पडली नाही तर गाडी रस्त्यावर आणायची मुभा संपत होती. इतर कुणी असता तर त्याने 'चार दिवस चालतंय' म्हटलं असतं. पण रस्ता सुरक्षा अधिकाऱ्याने तसं म्हणायचं म्हणजे पाद्रीबुवांनी दानपेटीत हात घालण्यासारखं होतं.

तपासणी केंद्रात गाडीला धूर मोजायची नळी लावली गेली. इंजिन कधी घोगरं व्हायचं, कधी किंचाळायचं, मध्येच गप्प व्हायचं.

"इंजिन स्थिर नाही," खिडकीतली बाई म्हणाली. "स्थिर झाल्याशिवाय धूर मोजता येत नाही."

"धूर मोजला तर कळेल ना, का स्थिर नाही ते?"

"धूर मोजण्यासाठी स्थिर लागतं."

हे वाक्य फिंटनच्या ओळखीचं होतं. खिडकीच्या आतल्या बाजूने त्याने स्वतः लोकांना अशी पुष्कळ वाक्यं ऐकवली होती. बाहेरच्या बाजूने ती अशी लागतात, याची त्याला कल्पना नव्हती.

गाडी बाहेर काढून देणारा तपासनीस मात्र हळूच म्हणाला, "आमचं काम नापास करायचं, दुरुस्त करायचं नाही. पण माझी असती तर मी थ्रॉटलचा सेन्सर पाहिला असता. शुक्रवारी या परत."

फिंटनने घरी येऊन आपल्यापरीने अभ्यास केला. त्याला कळलं ते असं: इंजिनाच्या हवेच्या वाटेवर एक झडप असते, तीच थ्रॉटल. आपण ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. ती किती उघडली ते एक छोटासा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो. सेन्सर खोटं बोलायला लागला की कॉम्प्युटर भलतंच पेट्रोल सोडतो आणि इंजिन थरथरतं. म्हणजे सगळा घोळ चुकीच्या अहवालाचा होता. हे फिंटनला लगेच पटलं. त्याची हयात चुकीच्या अहवालांत गेली होती.

पण मॅलकीचं म्हणणं वेगळं पडलं. "सेन्सरबिन्सर नंतर. माझं ऐकशील तर आधी प्लग बदल."

बुधवारी फिंटनने रजा टाकली आणि प्लग बदलले. बदलताना चार वायरी एकदम उपसल्या आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली. किल्ली फिरवल्यावर गाडीच्या मागून तोफ उडावी तसा आवाज झाला. अंगणात खुर्ची टाकून बसलेला मॅलकी खुर्चीसकट मागे कोलमडला. भिंतीपलीकडे मिसेस लॉफ्टस यांच्या कोंबड्या एकदम आकाशात उडाल्या. कोंबड्या इतक्या उंच उडू शकतात हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं, कोंबड्यांनासुद्धा.

मिसेस कॉन्सेप्टा लॉफ्टस फाटकातून आल्या. नवरा गेल्यापासून त्या गावात फारशा बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या.

"फिंटन, माझ्या कोंबड्या छपरावर बसल्यात."

"माफ करा, मिसेस लॉफ्टस. वायरी उलट्यासुलट्या झाल्या."

"ते ऐकूच आलं. मग आता काय करताय?"

वायरी सुधारून फिंटन सेन्सर तपासायला बसला होता. इंजिन बंद, किल्ली चालू, सेन्सरच्या मधल्या तारेला अट्रॅक्टाच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी टोचलेली आणि टाचणीला वीज मोजायचा नवाकोरा मीटर जोडलेला. मीटरवर आकडे दिसत होते, पण ते इतक्या भराभर बदलत होते की मॅलकी ते सोडतीतले नंबर पुकारावेत तसे ओरडत होता आणि फिंटनला त्यातला एकही कामाचा वाटत नव्हता.

मिसेस लॉफ्टस यांनी वाकून पाहिलं. "आकड्यांचा मीटर घेतलात होय. आमचे हे टीव्ही दुरुस्त करायचे ना, ते म्हणायचे, आकडा विचार करून सांगतो आणि काटा मनातलं सांगतो." आणि त्या घरी जाऊन एक काळा, जड, चामड्याच्या पिशवीतला काट्याचा मीटर घेऊन आल्या. पिशवी त्यांनी उघडली, पण मीटर काही फिंटनच्या हातात दिला नाही. स्वतःच मांडीवर घेऊन बसल्या. "मी धरते. तुम्ही सांगा काय जोडायचं ते."

आता प्रश्न पायाचा होता. ॲक्सिलरेटरचं पेडल बंदपासून पूर्ण दाबेपर्यंत अगदी सावकाश, एका चालीत दाबायचं. सेन्सर धड असेल तर काटा सुरळीत वर चढतो. मध्ये झिजलेला असेल तर तिथे काटा पडतो. फिंटनला बॉनेटखाली उभं राहायचं होतं, त्यामुळे आत बसला मॅलकी. मॅलकीच्या पायात मेंढ्यांच्या बाजारातले बूट होते. त्याचं 'सावकाश' म्हणजे काटा उजव्या टोकाला आपटून तिथेच थरथरत राहायचा.

"हळू, मॅलकी."

"हळूच दाबलं."

"हळू म्हणजे झोपलेल्या बाळाची दुलई काढतात तसं."

"मला मुलं नाहीत," मॅलकी दुखावून म्हणाला.

मग फिंटन स्वतः बसला आणि मॅलकीला काटा पाहायला सांगितला. मॅलकीने काटा पाहण्याऐवजी त्याचं वर्णन सुरू केलं. "चढतोय, चढतोय, जरा दमलाय, परत चढतोय." नेमका कुठे दमला, ते त्याला सांगता येईना. आणि फिंटनचा पायही मध्येमध्ये अडखळत होता, त्यामुळे काटा सेन्सरमुळे पडला की पायामुळे, हे मिसेस लॉफ्टस यांनाही कळेना. मिसेस लॉफ्टस मीटर सोडायला तयार नव्हत्या. फिंटनची मान आणि स्वाभिमान दोन्ही अवघडले होते. कोंबड्या छपरावरून पाहत होत्या.

अट्रॅक्टा चर्चमधून सराव करून आली ती या दृश्यात. हातात वह्या, पायात ऑर्गन वाजवायचे पातळ तळाचे जोडे. घरी येताना ते बदलायचे ती नेहमी विसरायची. तिने अंगणातल्या तिघांकडे, वर छपराकडे आणि मग फिंटनकडे पाहिलं. "काय हवंय नक्की?"

फिंटनने सांगितलं. मागच्या काही तासांतला सगळा वैताग त्या सांगण्यात होता.

"एवढंच?" म्हणत ती आत बसली. वह्या बाजूच्या सीटवर ठेवल्या, सीट पुढे ओढली, पाय पेडलवर ठेवला आणि विचारलं, "वर जायला किती वेळ घेऊ? एका कडव्याएवढा पुरे?"

"पुरे," फिंटन म्हणाला.

काटा हलला. हललेला दिसला नाही, फक्त मघाशी होता तिथे आता नव्हता, एवढंच कळलं. घड्याळाचा तासकाटा जसा सरकतो तसा तो सरकू लागला, सलग आणि एका धारेत. सुरुवातीलाच, पेडल जेमतेम दबलं असताना, काटा एकदम खाली पडला, पडल्याजागी तडफडला, आणि मग परत येऊन मुकाट्याने चढू लागला, पार वरच्या टोकापर्यंत.

"सापडलं," मिसेस लॉफ्टस हळू आवाजात म्हणाल्या.

"सुरुवातीलाच ना?" अट्रॅक्टा आतून म्हणाली. "पायाला काही कळलं नाही. पण तुम्हा तिघांचा श्वास थांबला ते ऐकू आलं. परत करू?"

तिने परत केलं. उतरताना काटा त्याच जागी पडला. फिंटनने विचारलं, त्याच जागी पाय थांबवून धरता येईल का? तिने धरला. केसभरही हलवला नाही. फिंटनने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर टिचकी मारली तसा काटा वेड्यासारखा नाचला. शंकाच उरली नाही. गाडी उभी असताना झडप ज्या जागी असते, तिथेच सेन्सर झिजला होता.

फिंटनने बॉनेटच्या फटीतून काचेपलीकडे पाहिलं. अट्रॅक्टा समोर कुठेतरी पाहत होती, ओठ जरासे मिटलेले, आणि पायाकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?" त्याने विचारलं.

"ऑर्गनला पायाखाली एक पट्टी असते, आवाज वाढवायची," ती म्हणाली. "ती अशी दाबायची की आवाज वाढतोय हे कुणाला कळता कामा नये. नुसतं लोकांना वाटलं पाहिजे, की आपल्याला आतून काहीतरी होतंय." ती बाहेर आली, वह्या उचलल्या. "बटाटे कुणी चढवलेत का?"

कुणी चढवले नव्हते.

इतकी वर्षं दर रविवारी फिंटन ऑर्गन ऐकत होता. काही सूर असे यायचे की डोळे भरून यायचे, आणि ते त्याने आपल्या श्रद्धेच्या खाती जमा केलं होतं. ते पायाने होत होतं, आणि तो पाय त्याच्याच घरातला होता, हे त्याला आज कळत होतं.

गुरुवारी मॅलकीच्या व्हॅनमधून दोघे भंगारवाल्याकडे गेले. व्हॅनला मेंढ्यांचा वास होता आणि लवकरच फिंटनलाही आला. भंगारात त्याच जातीची गाडी सापडली, आणि तिच्यातला सेन्सर काढताना स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं. मग मॅलकीने आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी सल्ला दिला, म्हणजे रबराचा तुकडा मध्ये धरून फिरवायचा, आणि तो लागू पडल्यावर सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. "माझं ऐकलंस ना," असं तो वाटभर म्हणत राहिला, आणि फिंटनला ते ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी सेन्सर बसला. तो नुसता बसवून भागत नाही, झडप बंद असताना काटा ठरावीक जागी येईपर्यंत तसूतसूने फिरवावा लागतो. फिंटन फिरवत होता, मिसेस लॉफ्टस काटा वाचत होत्या, अट्रॅक्टा पाय चालवत होती. मिसेस लॉफ्टस म्हणाल्या, "बस, इथेच," आणि मीटरची काच बोटाने पुसली. "आमचे हे असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. मॅलकीने टोपी काढून परत घातली.

इंजिन सुरू केलं. गाडी उभी होती, आणि ती चालू आहे की नाही हे पाहायला मॅलकीला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

शुक्रवारी तपासणी केंद्रात धूर मोजला गेला आणि पास झाला. फिंटनने खिडकीतल्या बाईकडे असं पाहिलं, जणू धूर त्याने स्वतः गाळून आणला होता.

"हॉर्न वाजवा," तपासनीस म्हणाला.

फिंटनने हॉर्न दाबला. काही झालं नाही. त्याने तो गाडी घेतल्यापासून कधी वाजवलाच नव्हता, आणि तो कधी मेला हे कुणाला कळलं नव्हतं. रस्ता सुरक्षा अधिकारी हॉर्नमध्ये नापास होणार होता. संपूर्ण रांग ऐकत होती.

"संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून आणा," बाई म्हणाली.

फिंटनने कुणालाही बोलावलं नाही. गाडी कडेला लावली, कोट काढला, बॉनेट उघडलं आणि हॉर्नच्या तारांचा माग काढत गेला. एका ठिकाणी तार गंजून सुटली होती. त्याने ती खरवडली, पिळून जोडली. हॉर्न वाजला. मग तो थांबेना. फिंटनने दाबलेलं बटण सोडलं, परत दाबलं, त्यावर थापा मारल्या. हॉर्न त्याच्या इतक्या वर्षांच्या संयमाची भरपाई करत होता. केंद्रातले सगळे बाहेर आले. अखेर त्याने तार उपटली तेव्हा एकदम शांतता झाली.

तपासनिसाने बोटांनी कान मोकळे केले. "हॉर्न वाजतो," तो म्हणाला. "बटण अडकतंय, ते साफ करा, मग सही करतो." फिंटनने रुमालाने बटण साफ केलं, तार परत जोडली. हॉर्न एकदाच, सभ्यपणे वाजला. सही झाली.

शनिवारी ते निघाले. मागे मॅलकी आणि मिसेस लॉफ्टस, दोघेही चांगल्या कपड्यांत. वाटेतल्या प्रत्येक चौरस्त्यावर फिंटन थांबला, गरज नसलेल्या ठिकाणीही. इंजिन मांजरासारखं बसून राहायचं. अट्रॅक्टा डोळे मिटून मांडीवर बोटं हलवत होती, आणि खाली, डॅशबोर्डखालच्या अंधारात, तिचे पाय काहीतरी करत होते.

कॅथेड्रलमध्ये पोचल्यावर कळलं, वाजवताना वहीची पानं उलटायला येणारी मुलगी आजारी होती.

"तू ये," अट्रॅक्टा म्हणाली.

"मला त्यातलं एक अक्षर कळत नाही."

"मी मान हलवीन तेव्हा उलट. दोन पानं एकदम उलटू नकोस."

अरुंद जिन्याने तो तिच्यामागून वर गेला. खाली बाकांवर माणसं होती, वर फक्त ते दोघे आणि भिंतभर नळ्या. तिने जोडे बदलले, बसली, एकदा फिंटनकडे पाहिलं आणि सुरू केलं.

फिंटनने तिला वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं. तो नेहमी खाली, पाठमोरा बसायचा. आता तो तिच्या खांद्याशी उभा होता. तिचे दोन हात दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते आणि पाय तिसरीच. टाचा, चवडे, आडवे, एकमेकांवरून, न पाहता लाकडी पट्ट्यांवरून धावत होते. एकदा अशा ऐन धावपळीत ती पुटपुटली, "फिंटन, कोटाची बाही पानावर आलीय," आणि एकही सूर चुकला नाही. तिने मान हलवली की तो पान उलटायचा. शेवटी शेवटी तिचा उजवा पाय एका पट्टीवर स्थिरावला आणि खाली सरकू लागला. तो सरकताना फिंटन पाहत होता, तरी आवाज कधी वाढला ते त्याला कळलं नाही. तो वाढला, दगडी खांबांत भरला, छपराला टेकला, आणि त्याचे डोळे भरले. या वेळी त्याने ते श्रद्धेच्या खाती टाकलं नाही.

सूर थांबला. मग खालून टाळ्या सुरू झाल्या, थांबेनात, बाकं सरकल्याचे आवाज आले. माणसं उभी राहून वर पाहत होती, पण वर त्यांना फक्त नळ्या दिसत होत्या. अट्रॅक्टा बाकावर बसून रुमालाने मान पुसत होती, आणि उठायचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

"ऊठ की," फिंटन म्हणाला. "त्यांना दिसत नाहीयेस."

"ऐकलं ना त्यांनी. पुरे झालं."

फिंटन गेराटी, काउंटीचा रस्ता सुरक्षा अधिकारी, सभेत कधी आवाज न चढवणारा माणूस, कठड्याशी गेला. ओणवा झाला. खाली शेकडो चेहरे त्याच्याकडे वळले. तोच वादक आहे असं समजून टाळ्या आणखी वाढल्या. त्याने दोन्ही हात जोरजोरात हलवून नाही, नाही म्हटलं, मग पूर्ण वळून दोन्ही हातांनी मागे दाखवलं, परत खाली पाहिलं, परत मागे दाखवलं, चौकातून गाड्या सोडणाऱ्या पोलिसासारखा. आणि तरीही कुणाला कळत नाही असं पाहून तो त्या शांत, दगडी, पवित्र जागेत मोठ्याने म्हणाला,

"ही. ही वाजवते. माझी बायको."

अट्रॅक्टा लाजून लाल झाली आणि शेवटी उठून कठड्याशी आली. खाली मॅलकी टूही बाकावर चढून टोपी हवेत फिरवत होता, आणि मिसेस लॉफ्टस त्याला खाली ओढत होत्या, पण फार जोर लावून नाही.